बिग डेटामुळे तुमच्याकडे एखादा मोठा निर्णय खरंच फिरला आहे का?

मोजपट्टी

नमस्कार. बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज लिहून काढते.

मी यंत्रांचे सुटे भाग पुरवणाऱ्या एका कंपनीत नियोजनाचं काम बघते. गेल्या तीन वर्षांत आम्ही विक्री, गोदामं, माल पोचवणाऱ्या गाड्या, वेबसाइटवरचे क्लिक असा सगळा डेटा एका जागी आणला (माहितीच्या अशा प्रचंड साठ्यालाच बिग डेटा म्हणतात). त्यासाठी माणसं घेतली, क्लाउड घेतला, जुन्या फायली साफ करण्यात एक अख्खं वर्ष गेलं. आता दर सोमवारच्या बैठकीत भिंतीवर डॅशबोर्ड, म्हणजे आकडे आणि आलेखांचा पडदा, लागतो आणि सगळे तो मन लावून बघतात.

मागच्या महिन्यात मी वर्षभराच्या बैठकांची इतिवृत्तं काढून बसले. प्रत्येक मोठ्या निर्णयापुढे एकच खूण करत गेले: आकडे बघून मत बनलं, की मत आधी बनलं आणि आकडे नंतर शोधले? एकूण चौदा निर्णय होते. आकड्यांनी मत फिरवलं असे दोन निघाले. उरलेल्या बारांमध्येही आकडे होते, बरोबरही होते. पण ज्याने बोलावलं त्याच्या बाजूने बोलायला आलेल्या साक्षीदारासारखे.

कुणी लबाडी केली असं माझं अजिबात म्हणणं नाही. सगळे मनापासून काम करणारे लोक आहेत. म्हणूनच प्रश्न पडलाय. कंपनीने कुठे जायचं, काय विकायचं, काय सोडायचं हे ठरवण्यात डेटाचा वाटा वाढतोय असं सगळीकडे वाचते. तुमच्याकडे तसं होतंय का? होत असेल तर नेमकं काय केल्यामुळे झालं?

नवी_पालवी

वाचतेय. आमच्याकडे असा हिशोब कुणी मांडलेलाच नाही. मांडायला हवा.

सतराकप्पे

ताई, डॅशबोर्डच्या आधी एक पायरी आहे, ती सांगतो. मी गोदामात अकरा वर्षं काढली.

परत आलेल्या मालाची नोंद करताना संगणकावर कारण निवडावं लागायचं. यादीत सतरा कारणं. पहिलं कारण होतं 'वेष्टन खराब'. मुख्य कार्यालयाच्या अहवालात दर महिन्याला वेष्टन खराब हेच सगळ्यात वर. त्यावरून कंपनीने वेष्टनाचा पुरवठादार बदलला, जाड खोकी आणली, खर्च वाढला. परतीचं प्रमाण जिथल्या तिथे.

मग वरून एक मुलगी आली, विश्लेषक होती. दोन दिवस माझ्या शेजारी नुसती उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "काका, तुम्ही खोकं न उघडताच कारण कसं लिहिता?" मी म्हटलं, "बाहेर गाडी उभी आहे, मागे चार जण थांबलेत, कारण भरल्याशिवाय पुढचा पडदा येत नाही. जे वर आहे ते दाबतो." तिने यादीची पहिली जागा रिकामी ठेवली आणि 'तपासायचं बाकी' असा पर्याय दिला. तीन महिन्यांत कळलं की बहुतेक माल चुकीच्या मापाचा जात होता. कॅटलॉगमधलं एक चित्र जुनं होतं.

डेटा लाखो ओळींचा होता. प्रत्येक ओळ माझ्यासारख्याने घाईत दाबलेली होती.

आकडेमोड

सतराकप्पे, हा प्रतिसाद मी वर्गात वाचून दाखवणार आहे. परवानगी गृहीत धरतो.

मी सांख्यिकी शिकवतो. 'डेटा मोठा आहे म्हणजे बरोबर असणार' हा समज बिग डेटा या शब्दाहून कितीतरी जुना आहे. १९३६ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. साधारण २४ लाख परत आल्या. त्यांवरून रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार असं त्यांनी छापलं. प्रत्यक्षात रूझवेल्टने ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या यादीतून, मोटारींच्या नोंदणीतून. मंदीच्या काळात फोन आणि मोटार कुणाकडे असणार? शिवाय ज्यांनी उत्तर पाठवलं ते न पाठवणाऱ्यांपेक्षा वेगळे होते. त्याच निवडणुकीत जॉर्ज गॅलप यांनी सुमारे ५० हजारांच्या नमुन्यावर विजेता बरोबर सांगितला.

अलीकडचं उदाहरण गूगल फ्लू ट्रेंड्सचं. लोक गूगलवर काय शोधतात त्यावरून फ्लूची साथ किती पसरली आहे ते सरकारी आकडे येण्याच्या आत सांगायचं, अशी कल्पना. २००८ मध्ये सुरू झालं, २००९ मध्ये 'नेचर'मध्ये शोधनिबंध आला आणि जगभर वाहवा झाली. मग २०१२-१३ च्या हंगामात त्याचा अंदाज प्रत्यक्षाच्या जवळपास दुप्पट निघाला. २०१४ मध्ये 'सायन्स'मध्ये डेव्हिड लेझर आणि सहकाऱ्यांनी त्याची चिरफाड केली: ऑगस्ट २०११ पासूनच्या १०८ आठवड्यांपैकी १०० आठवडे अंदाज चढा होता. बातम्या ऐकून घाबरलेले निरोगी लोकही फ्लू शोधतात. त्यात गूगल स्वतःच शोधाच्या सूचना बदलत होतं, म्हणजे मोजपट्टीच (धागाकर्तीने माफ करावं) लांब-आखूड होत होती. गंमत पाहा, काही आठवडे जुने सरकारी आकडे नुसते पुढे ओढले असते तरी अंदाज जास्त बरा आला असता. २०१५ मध्ये ते अंदाज प्रसिद्ध होणं थांबलं.

शब्दवेडा

अवांतर: आपण सगळे 'डेटा' लिहितोय. 'विदा' हा छान शब्द मराठी संस्थळांवर रुळलेला आहे. बिग डेटाला 'महाविदा' म्हणू या का?

चंद्रकोर७

@शब्दवेडा, बैठकीत 'आता विदा घेऊ या' म्हटलं तर अर्धे लोक निरोप समजून उठून जातील.

शब्दवेडा

:) मान्य. तरी मी विदाच लिहिणार. वापरल्याशिवाय शब्द रुळत नाहीत.

पायवाट

आकडेमोड सरांची दोन्ही उदाहरणं खरी आहेत, पण धागा एकाच बाजूला कलतोय. मी मालवाहतुकीत आहे. आमच्या क्षेत्रात डेटाने निर्णय फिरतात, रोज फिरतात.

यूपीएस या पार्सल पोचवणाऱ्या अमेरिकन कंपनीची ओरायन प्रणाली घ्या. प्रत्येक चालकाला दिवसभराच्या थांब्यांचा क्रम ती काढून देते. सव्वाशे थांबे असतील तर त्यांचे शक्य क्रम किती, हे सर सांगतील. विश्वातले अणू कमी पडतील. ती बांधायला दहा वर्षांच्या आसपास लागली आणि २०१६ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे ५५ हजार मार्गांवर तिची मांडणी पूर्ण झाली. वर्षाला १० कोटी मैल वाचतात असं कंपनी सांगते. एका गाडीमागे रोजचे थोडेच मैल असतात, पण गाड्या किती आहेत ते बघा.

आता यातली आतली गोष्ट. गणित जमवणं हा निम्माच भाग होता. वीस-वीस वर्षं त्याच रस्त्यावर गाडी चालवणाऱ्या माणसाला यंत्र सांगतं की आधी डावीकडचं घर सोड, परत येताना घे. त्याला ते विचित्रच वाटणार. प्रत्येक ठिकाणी जाऊन चालकांना शिकवायला, त्यांचं ऐकून नकाशे दुरुस्त करायला शेकडो माणसं लागली. नकाशात नसलेला मागचा दरवाजा चालकालाच ठाऊक असतो. म्हणजे सतराकप्पेंचंच म्हणणं, उलट्या बाजूने.

खरंच_का

पायवाट, पण रस्ता कुठून घ्यायचा ही व्यूहरचना झाली का? ती कार्यक्षमता झाली. मोजपट्टींनी विचारलंय ते कुठे जायचं याबद्दल. रस्ते काढायला डेटा उत्तमच. कोणत्या गावाला जायचं ते डेटा सांगतो का?

पायवाट

@खरंच_का, ही सीमारेषा वाटते तितकी पक्की नाही. टेस्को या ब्रिटिश दुकान-साखळीचं उदाहरण देतो. १९९५ मध्ये त्यांनी क्लबकार्ड हे नेहमीच्या ग्राहकांना सवलती देणारं कार्ड आणलं. त्याआधी चाचणीचे निष्कर्ष संचालकांसमोर मांडले गेले तेव्हा अध्यक्ष इयन मॅक्लॉरिन अशा अर्थाचं म्हणाले, की माझ्या ग्राहकांबद्दल मला तीस वर्षांत जे कळलं त्याहून जास्त तुम्हाला तीन महिन्यांत कळलंय, याची मला भीती वाटते. हे विश्लेषण करणारे क्लाइव्ह हंबी आणि एड्विना डन. 'डेटा हे नवं तेल आहे' हे वाक्यही हंबींच्याच नावावर आहे. कार्डामुळे कोणता ग्राहक काय घेतो हे कळलं, त्यावरून दुकानात काय ठेवायचं, कुणाला कोणती सवलत द्यायची हे ठरू लागलं. हा गावच बदलण्याचा प्रकार झाला.

तळटीप

प्रयोगांबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. माझं रोजचं काम तेच आहे.

साठलेल्या डेटाकडे बघत बसण्यापेक्षा छोटा प्रयोग करून नवा डेटा तयार करणं, हा मोजपट्टींच्या दुखण्यावरचा सगळ्यात चांगला उपाय मला वाटतो. निम्म्या लोकांना जुनं पान, निम्म्यांना नवं, वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या बिंग या शोधयंत्रात एकाने सुचवलं होतं की जाहिरातीच्या शीर्षकाला खालच्या मजकुराची पहिली ओळ जोडून शीर्षक लांब करू. वरिष्ठांना त्यात काही विशेष वाटलं नाही. कल्पना सहा महिन्यांहून जास्त काळ यादीत तळाशी पडून होती. शेवटी एका अभियंत्याने काम छोटं आहे म्हणून करून टाकलं. उत्पन्न १२ टक्क्यांनी वाढलं. एकट्या अमेरिकेत वर्षाला १० कोटी डॉलरहून जास्त. तिथले प्रयोगांचे प्रमुख रॉन कोहावी यांनीच नंतर हे लिहिलं. त्यांनी हेही लिहिलंय की बिंग आणि गूगलमध्ये केलेल्या प्रयोगांपैकी जेमतेम १० ते २० टक्केच फायद्याचे ठरतात.

ही टक्केवारी मी दर नव्या सहकाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगतो. जगातल्या सगळ्यात हुशार लोकांच्या दहातल्या आठ कल्पना चालत नसतील, तर बैठकीत ठासून बोलणाऱ्याची कल्पना चालेलच असं का धरायचं?

अबोली_के

तळटीप यांना +१. पण प्रयोग करायला ग्राहक हवेत ना? आमचे सगळे मिळून दोनशे ग्राहक. निम्मे इकडे, निम्मे तिकडे केले तर काय हाती लागणार? आमच्यासारख्यांना या बिग डेटाचा उपयोग काय?

आकडेमोड

अबोलीताई, दोनशे ग्राहक असतील तर तुम्ही नशीबवान आहात. दोनशे जणांना फोन करता येतो. दोन कोटींना येत नाही, म्हणून त्या बिचाऱ्यांना क्लिकवरून मन ओळखावं लागतं. वर्षभरात सोडून गेलेल्यांपासून सुरुवात करा.

सतराकप्पे

सोडून गेलेले, बरोबर. त्याच्याही आधी: जे आलेच नाहीत ते. गोदामात माल संपलेला असला की त्या दिवशी विक्री शून्य लागते. वर बसलेल्या माणसाला वाटतं, याला मागणीच नाही, मागवू नका. आम्ही मात्र दिवसभर 'संपलंय' असं सांगून लोकांना परत पाठवत असायचो. त्याची नोंद करायला कुठे रकानाच नव्हता.

तळटीप

हा मुद्दा सोन्यासारखा आहे. विक्रीचा डेटा म्हणजे मागणीचा डेटा नाही. जी विक्री होऊ शकली तेवढीच त्यात दिसते.

दुसऱ्या महायुद्धातली अब्राहम वाल्ड यांची गोष्ट अनेकांना माहीत असेल. कोलंबिया विद्यापीठातल्या सांख्यिकी गटात ते होते. परत आलेल्या विमानांवर गोळ्यांच्या खुणा कुठे आहेत याची मोजदाद होती. वाल्ड यांचं १९४३ चं काम त्यावर होतं की न परतलेल्या विमानांचं काय झालं असेल ते या खुणांवरून कसं काढायचं. इंजिनवर खुणा कमी दिसतात, कारण इंजिनावर गोळी लागलेलं विमान परत येतच नाही. रिकामा शेल्फ म्हणजे तेच न परतलेलं विमान. आमच्याकडे आम्ही 'शोधलं पण मिळालं नाही' अशा शब्दांची वेगळी नोंद ठेवायला लागलो. नवीन काय आणायचं याची अर्धी उत्तरं त्या यादीत असतात.

खरंच_का

ही यादीची कल्पना उद्याच ऑफिसात सांगतो.

पण माझा मूळ आक्षेप कायम आहे. डेटा भूतकाळाचा असतो. झिलो या घरांच्या व्यवहारातल्या अमेरिकन कंपनीकडे घरांच्या किमतींचा प्रचंड डेटा होता. त्या जोरावर त्यांनी स्वतः घरं विकत घेऊन परत विकायचा धंदा सुरू केला. नोव्हेंबर २०२१ मध्ये तो बंद केला आणि सुमारे पाव कर्मचारी कमी केले. किमतींचा अंदाज बांधणं आम्हाला वाटलं त्यापेक्षा फार बेभरवशाचं आहे, असं कंपनीनेच सांगितलं. वेबसाइटवर 'तुमच्या घराची अंदाजे किंमत' दाखवणं वेगळं, त्याच आकड्याने चेक फाडणं वेगळं.

पायवाट

@खरंच_का, यात आणखी एक मेख आहे. किंमत सांगून बसलात की विकणारा ठरवतो, विकायचं की नाही. ज्याला माहीत आहे की आपल्या घराला ओल आहे, तो तुमची किंमत आनंदाने घेईल. ज्याचं घर तुमच्या अंदाजापेक्षा चांगलं आहे तो नाही म्हणेल. म्हणजे सरासरी अंदाज अगदी बरोबर असला, तरी तुमच्या गळ्यात पडणारी घरं सरासरीपेक्षा वाईट असण्याचा धोका राहतो. डेटा वाढवून ही मेख निघत नाही.

चंद्रकोर७

प्रश्नच बदलतो याचं उदाहरण माझ्याकडे आहे. नेटफ्लिक्सने २००६ मध्ये दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं: आमच्या शिफारशींची अचूकता १० टक्क्यांनी वाढवून दाखवा. प्रेक्षकांनी चित्रपटांना दिलेल्या दहा कोटींहून जास्त गुणांचा डेटा खुला केला. २००९ मध्ये एका चमूने बक्षीस जिंकलं. पण ती जिंकलेली संपूर्ण रचना कंपनीने वापरलीच नाही. ती बसवायची मेहनत वाढलेल्या अचूकतेला परवडणारी नव्हती, आणि तोवर कंपनी टपालाने डीव्हीडी पाठवण्याकडून इंटरनेटवर थेट चित्रपट दाखवण्याकडे वळली होती. डीव्हीडी मागवणारा माणूस दोन दिवसांनी काय बघायचं ते ठरवतो. थेट बघणारा आत्ता, या क्षणी. पाहताना तो कुठे थांबला, काय अर्धवट सोडलं हे दिसू लागल्यावर दिलेल्या गुणांचं महत्त्वच कमी झालं. उत्तर येईपर्यंत प्रश्न पुढे निघून गेला होता.

अबोली_के

याच स्पर्धेची दुसरी बाजूही सांगायला हवी. नावं काढून टाकलेला तो डेटा होता. तरीही २००८ मध्ये अरविंद नारायणन आणि विताली श्मातिकोव या संशोधकांनी आयएमडीबी या चित्रपटांच्या संस्थळावरच्या उघड अभिप्रायांशी ताडून त्यातली काही माणसं ओळखता येतात हे दाखवून दिलं. पुढची स्पर्धा २०१० मध्ये रद्द झाली.

मला हे मनापासून टोचतं. आपण सगळे 'डेटा, डेटा' म्हणतो तेव्हा त्या ओळीत एक माणूस असतो. काय बघितलं, काय विकत घेतलं, कधी आजारी होता. युरोपात जीडीपीआर हा खाजगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा २५ मे २०१८ पासून लागू झाला, जगभरच्या उलाढालीच्या ४ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा कुठे कंपन्यांनी आपण नेमकं काय काय साठवलंय त्याची यादी केली. आमच्या छोट्या कंपनीत मी नियम केलाय: ज्या माहितीवरून आपण काही करणार नाही, ती विचारायचीच नाही. फॉर्ममधले एकवीस रकाने सहावर आले. लोक फॉर्म पूर्ण भरायला लागले, हा वरचा फायदा.

नवी_पालवी

अबोलीताई, सहा रकाने!! हे मी छापून टेबलासमोर लावणार.

शब्दवेडा

विदाच्या बाबतीत एक शंका. नोकरीसाठी माणसं निवडायलाही हीच पद्धत वापरतात ना? ते कितपत बरोबर?

आकडेमोड

सांभाळून. अ‍ॅमेझॉनने अर्ज चाळायला अशी प्रणाली करून पाहिली होती. रॉयटर्सने २०१८ मध्ये ते उघड केलं. आधीच्या दहा वर्षांचे अर्ज शिकवले, त्यांत बहुतेक पुरुष. प्रणाली शिकली की पुरुषच बरे. अर्जात स्त्रियांच्या मंडळाचा वगैरे उल्लेख आला की गुण कमी. ती सोडून द्यावी लागली. जुन्या सवयी डेटात उतरतात, आणि मग त्यांना गणिताचं वजन येतं.

तळटीप

मूळ प्रश्नाकडे येऊ. मोजपट्टी, तुमच्या चौदातले ते दोन निर्णय कोणते होते? बाकी बारांपेक्षा त्यांत काय वेगळं होतं?

मोजपट्टी

हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता. काल रात्री ती दोन इतिवृत्तं परत काढली.

पहिला: एक सुटा भाग विकणं बंद करायचं की नाही. दुसरा: एका नव्या परिसरात गोदाम उघडायचं की नाही. दोन्ही वेळेस डेटा मागवण्याच्या आधीच्या बैठकीत कुणीतरी एक ओळ नोंदवून ठेवली होती. पहिल्यात लिहिलंय, "वर्षातून चाळीसपेक्षा कमी वेगवेगळे ग्राहक हा भाग घेत असतील तर बंद करू." आकडा आला एकशे बारा. थोडे थोडे घेणारे, पण पुष्कळ. भाग राहिला. आम्ही सगळे बंद करायच्या बाजूने होतो हे मला चांगलं आठवतं. दुसऱ्यातही तसंच, उंबरठा आधी लिहिलेला होता आणि आकडा त्याच्या खाली आला. गोदाम उघडलं नाही.

बाकी बारांमध्ये आधी काहीच लिहिलेलं नाही. आकडे आले, मग अर्थ लावला.

ती ओळ कुणी नोंदवली ते शोधलं. इतिवृत्त लिहिणारी आमची सहकारी, दोन्ही वेळेस तीच. ती म्हणाली, "मला लिहून घ्यायला काहीतरी नेमकं हवं होतं, म्हणून मी विचारलं, किती झालं तर काय करायचं?"

सतराकप्पे

त्या मुलीला बढती द्या.

खरंच_का

आता पटलं. माझा आक्षेप डेटावर नव्हताच बहुधा, उंबरठा नसलेल्या डेटावर होता. पण ताई, चाळीस हा आकडा कुठून आला? तोही कुणाचं तरी मतच ना?

मोजपट्टी

मतच. विक्री प्रमुखांचं. पण ते आकडे यायच्या आधी सांगितलेलं मत होतं, म्हणून आले तेव्हा ते त्यांनाही मोडता आलं नाही.

या सोमवारपासून सुरुवात केली. डॅशबोर्ड लावायच्या आधी प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी. तीन ओळी: आज कोणता निर्णय, कोणता आकडा, किती झाला तर मत बदलेन. पहिल्याच दिवशी अकरांपैकी सात जणांनी तिसरी ओळ कोरी सोडली. एकाने पेन खाली ठेवून विचारलं, "आज आपण काही ठरवणार आहोत का, की नुसतं बघणार आहोत?" नुसतंच बघणार होतो. डॅशबोर्ड लावला नाही, बैठक पंधरा मिनिटांत संपली.

सतराकप्पे, 'संपलंय' सांगून परत पाठवलेल्यांची नोंद करायला रकाना कसा ठेवावा? आमच्या गोदामातल्या माणसाला रांग असताना एका बोटाने भरता येईल असा हवा आहे.

सतराकप्पे

एकच मोठं बटण. 'मागितलं, नव्हतं.' भागाचा क्रमांक आधीच शोधून झालेला असतो, तोच आपोआप जाऊ दे. कारण विचारू नका.